बदलीपात्र

सत्काराला गेलं की शिक्षकाला एक प्रश्न हमखास विचारतात : एवढ्या आडबाजूला राहिलात कसे? उत्तरात 'त्याग' आला नाही तर अंगावरची शाल काढून घेतील की काय, अशी मला धास्ती असते.

मी सांगलीकडचा. नेमणूक चांदीपच्या बाजूला एका पाड्यावर. आदेशात 'ता. वसई' वाचून मी समुद्राच्या आशेनं पेढे वाटले होते. विरारला उतरलो तेव्हा कळलं, समुद्र पाठीमागं राहिला. आपल्याला उलटं, शिरसाड-मांडवीकडं जायचंय. तिथं तानसा नदी. पावसाळ्यात पांढरतारा पूल बुडाला की पलीकडच्या गावांचं बेट होतं. आमचा समुद्र तेवढाच.

येताना डोक्यात अनुताई वाघ होत्या. 1945 साली त्या ताराबाई मोडकांच्या बालशिक्षणाच्या कामासाठी बोर्डीला आल्या, पुढं कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि 1992 साली वारल्या तोवर तिथल्याच होऊन राहिल्या. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत? मग शाळाच रानात न्या. ही त्यांची कुरणशाळा. आपणही तसलंच काहीतरी करायचं, असं मी मनाशी घेतलं.

संधी पहिल्याच पावसात आली. वर्ग रिकामा, सगळे मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, धरायला बांधावर. मीही विजार गुडघ्यापर्यंत दुमडून गेलो. मुठे मोजायचे, नांग्या गुणायच्या, असं पाठाचं टाचण तयार. तिसरीतली एक पोरगी म्हणाली, "सर, मागून धरायचा. पाठीवर बोट दाबायचं." मी डी.एड. झालेला माणूस, पुढून धरला. मुठ्यानं अंगठा पकडला आणि मी जो सूर लावला तो पार खालच्या पाड्यापर्यंत गेला. "ओढू नका सर, हात पाण्यात सोडा. सोडंल तो." सोडला. चिखलात बसलेल्या मला उठवायला मात्र चौघं लागली.

दुसऱ्या दिवशी शंभर टक्के हजेरी. अंगठा बघायला पोरांच्या मागोमाग आया आल्या, आज्या आल्या. पटनोंदणी पंधरवड्यात दारोदार हिंडूनही एवढी माणसं शाळेत कधी आली नव्हती. एका आजीनं डब्यातून मुठ्यांचं झणझणीत कालवण आणलं. "त्यानं तुम्हाला खाल्लं, आता तुम्ही त्याला खा." त्यागाचा विषय माझ्यापुरता तिथंच संपला.

अनुताईंचं सोडा, त्यांची जातच वेगळी. आमच्यासारखे बरेचसे टिकतात ते भाव मिळतो म्हणून. रेशनकार्डावर नाव चढत नाही? सरांना विचार. जातीच्या दाखल्याला काय लागतं? सरांना विचार. सांगलीत माझा सख्खा मेहुणा मला घड्याळात किती वाजले तेसुद्धा विचारत नाही.

परवा बायकोनं विचारलं, "आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरलात?" म्हटलं, साईट बंद आहे. तिनं आपल्या मोबाइलवर ती उघडून माझ्यापुढं धरली. ओटीपी माझ्या मोबाइलवर येणार होता. पाड्यावर रेंज नसते ही माझी हुकमी सबब. पण आम्ही बसलो होतो विरारच्या घरात.