सायकलीचे लगेजत्व: येडशी-प्रकरण

शनिवारी गाडी पकडावी, सोबत सायकल न्यावी, रविवार येडशीच्या रामलिंगावर निवांत काढावा आणि सोमवारी कामावर हजर व्हावे, हा विषय वरवर पाहता शास्त्रार्थाचा नव्हे. पण सायकल आगगाडीच्या दारात उभी केली की तत्त्वज्ञानाचे जुने प्रश्न अंगावर येतात. वाहन वाहनात बसले, तर त्यातले वाहन कोणते? 'कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा' एवढे बोलून पूर्वजांनी हात झटकले. भाडे कोणी कोणाचे भरायचे, हे त्यांनी सांगितले नाही.

ती उणीव रेल्वेने भरून काढली. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला ३५ किलो सामान फुकट नेता येते. ही सवलत सायकलीला मात्र नाही. म्हणजे ३५ किलो ज्वारीचे पोते निर्दोष, आणि त्याच्या निम्म्याने भरणारी सायकल पैसे मोजून लगेजच्या डब्यात. यावर पूर्वपक्ष असा की, पोत्यावर दोघे जण टेकू शकतात, सबब ते सामान नसून बाक होय. सायकलीचे पॅडल शेजाऱ्याच्या पोटरीत घुसते आणि चेनचे ग्रीस धोतराला लागते. धोतर नेसणाऱ्यांचा हा आक्षेप आम्हांस मान्य आहे.

घडीच्या सायकलीचे प्रकरण याहून बिकट. पिशवीत घातलेली सायकल ही सायकल राहते काय? घट आणि पट यांच्यात शतके घालवल्यामुळे नैयायिकांना याकडे बघायला वेळ झाला नाही. आमचे मत असे, की घंटी वाजेपर्यंत ते बोचके. वाजली की सायकल. येथे टीसीचा कान हेच प्रमाण.

साध्या सायकलीचा विधी मात्र निश्चित आहे. गाडीच्या निदान अर्धा तास आधी लगेज ऑफिस गाठावे. हँडल सैल करून आडवे फिरवावे, पॅडल काढून घ्यावेत, चेनवर बारदान गुंडाळून सुतळीने आवळावे आणि वर पुठ्ठ्याचे लेबल बांधावे. लेबलावर पाठवणारा आणि घेणारा अशा दोन ओळींत एकच नाव लिहावे लागते. अद्वैताची इतकी स्वस्त दीक्षा अन्यत्र मिळत नाही.

आता सायकल उतरवायची कुठे? येडशीला, असे उत्तर भाबडे लोक देतील. लहान स्टेशनावर गाडी थांबते ती निघण्यासाठीच. तेवढ्यात लगेजचा डबा उघडून, शेंगांच्या पोत्यांखालून आपली सायकल ओढणे विश्रांतीच्या व्याख्येत बसत नाही. ती धाराशिवला उतरवावी आणि सुमारे २० किलोमीटर चालवत येडशीला यावे.

इथे इतिहासाने केलेला विनोद पाहण्याजोगा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावली, १९०७ मध्ये येडशीवरून तडवळ्याला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. जिल्ह्याचे गाव असूनही धाराशिव या लाइनवर नव्हते. तिथला माणूस येडशीला उतरायचा आणि पुढची वाट रस्त्याने कापायचा. २००७-०८ मध्ये लाइन रुंद झाली, तेव्हा ती वळवून धाराशिवला नेली. आता सायकलवाला धाराशिवला उतरतो आणि तीच वाट उलटी कापतो. शंभर वर्षांच्या प्रगतीने अंतर तेवढेच ठेवले, दिशा तेवढी बदलली.

कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवले. ज्याने माणसांना बालाघाटावर चढवले, त्यालाच ती सुखरूप खाली कशी यावीत याची काळजी लागावी, हे तर्काला धरून आहे. त्याचे महत्त्व रामलिंगाच्या उतारावर, ब्रेकचे रबर झिजलेले असताना, नीट पटते. देऊळ झाडीतल्या दरीत आहे, पावसाळ्यात बाजूने ओढा धबाबा कोसळतो, आणि जटायूने रावणाला इथेच अडवले अशी श्रद्धा आहे. अर्थात चालत्या वाहनाला अडवण्याची परंपरा इथे ट्रॅफिक पोलिसांहून जुनी.

उतरताना सायकल माणसाला नेते, परतताना चढावर माणूस सायकलीला नेतो. १८१७ मध्ये कार्ल द्राइसने जर्मनीत बनवलेल्या दुचाकीला पॅडलच नव्हते, पाय जमिनीवर मारतच ती ढकलायची असे. येडशीच्या चढावर एकवीस गिअरची सायकलही त्याच सालात जाते. तात्पर्य, आगगाडी सायकलीला वाहते, सायकल माणसाला आणि माणूस सायकलीला. या साखळीत विश्रांती कोणाला मिळते, याचा शोध घेता ती फक्त लगेजच्या डब्यातल्या सायकलीला मिळते, असे सिद्ध होते.

तरीही जाणाऱ्याने श्रावणी सोमवार टाळावा. गर्दीत सायकल खांद्यावर घ्यावी लागते. भाद्रपदात जा, ओढ्याला पाणी असते. आणि कॅरिअरला केळी बांधू नका; रामलिंगाची माकडे बारदानाची गाठ लगेज ऑफिसातल्या हमालापेक्षा लवकर सोडतात.