हात मोकळे, तोंड बंद

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती देते, आणि अजून काढली कशी नाही. पहिल्याचं उत्तर तो फुगवून देतो आणि दुसरा ऐकूच आला नाही असं दाखवतो. हल्ली यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे आणि तो मागच्या सीटवरून येतो. ‘हिच्यात ब्लूटूथ नाही?’ पूर्वी मुलीकडची मंडळी स्थळ बघायला आली की ‘घरात नळ नाही?’ असं ज्या सुरात विचारायची, तोच हा सूर.

आमची मारुती ८०० ही २००३ सालची. कंपनीने ही गाडी बनवणं २०१४ च्या जानेवारीत बंद केलं, आम्ही चालवणं बंद केलेलं नाही. आरटीओतून दर पाच वर्षांनी तिचं आयुष्य वाढवून आणावं लागतं, ते आणतो. तिच्यात कॅसेटचा डेक आहे. एफएम लागतो, कॅसेट वाजते, आणि आत घातलेली कॅसेट बहुतेक वेळा परतही मिळते. ऑक्सचं भोक नाही, यूएसबी नाही. माझी या डेकबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार कन्येची होती. तिची सगळी गाणी फोनात राहतात, आणि एक बाजू संपली की कॅसेटची दुसरी लागते हे सांगितल्यावर तिने ‘का?’ असं विचारलं होतं. तिच्या आईची तक्रार वेगळी होती. ‘अहो, तुम्ही एकदा गाडीत बसलात की तुमचा पत्ताच लागत नाही.’ गाडीचा हाच मुख्य उपयोग आहे असं माझं मत होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

जुन्या डेकमध्ये ब्लूटूथ आणायचं म्हणजे डेकला फसवायचं, हे मला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कळलं. तिथल्या काउंटरवर पहिली फसवणूक कॅसेटच्या रूपात समोर आली. मापाने अगदी कॅसेट, पण आत फीत नाही. फीत जिथे डेकच्या हेडला घासून जाते, नेमक्या त्या जागी एक चिमुकलं हेड बसवलेलं असतं. फोनमधलं गाणं तिथपर्यंत विजेच्या रूपात येतं, त्याबरोबर त्या हेडचं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं, आणि डेकचं हेड समजतं की समोरून फीतच चालली आहे. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली तेव्हापासून त्याला एवढंच शिकवलेलं आहे. इतका भाबडा विश्वास मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिला नाही. अपवाद ऑटो-रिव्हर्सवाल्या डेकचा. ते संशयी असतात. आतली चाकं हवी तशी फिरत नाहीत असं दिसलं की त्यांना वाटतं फीत संपली, आणि ते बाजू बदलतात. ती बाजूही संपली असं वाटतं. पुन्हा बदलतात. आमचा डेक याच स्वभावाचा निघाला. एका गाण्यात त्याने इतक्यांदा खट्-खट् केलं की तो तालवाद्याचा भाग आहे असं कन्येच्या मैत्रिणीला वाटलं.

दुसरी फसवणूक लायटरच्या भोकात बसते. या भोकात पूर्वी सिगारेट पेटवायचा लायटर असायचा. आता लायटर गेला, बारा व्होल्टचं भोक तेवढं राहिलं, आणि गाडीतलं सगळ्यात कामाचं भोक ठरलं. तिथे जे यंत्र खोचायचं ते स्वतःपुरतं एक रेडिओ स्टेशन असतं. फोनातलं गाणं ते ब्लूटूथने घेतं आणि एफएमच्या ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कुठेतरी प्रसारित करतं. आपण डेकचा रेडिओ त्याच आकड्यावर लावायचा. डेकला वाटतं आकाशवाणी, असतो तो आपल्याच खिशातला फोन. गाडी सुरू केली की त्यातून एक बाई पूर्ण आवाजात ‘द ब्लूटूथ डिव्हाइस इज रेडी टू पेअर’ असं ओरडते. पहाटे पाचला सोसायटीतून निघताना याची मजा काही और असते.

या यंत्राची खरी अडचण जागेची. पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३ असे गाळे आधीच गेलेले आहेत, त्यामुळे मधलं एखादं रिकामं बोळ शोधावं लागतं. त्यात एफएमचा एक स्वभाव आहे. एकाच आकड्यावर दोन ठिकाणांहून प्रक्षेपण आलं तर मीडियम वेव्हवर दोन्ही एकमेकांत मिसळून ऐकू येतात, पण एफएम तसं करत नाही. ज्याचा जोर जास्त त्यालाच सगळी जागा देतो आणि दुसऱ्याला बाहेर काढतो. पुण्यात मोकळा असलेला आकडा खंबाटकी उतरल्यावर मोकळा राहीलच असं नाही. किशोरीताई आलाप घेत असाव्यात आणि मधेच खतांची जाहिरात लागावी, थोड्या वेळाने पुन्हा किशोरीताई, असं साताऱ्यापर्यंत चालतं.

हेही मी सोसलं असतं. पण एका संध्याकाळी विद्यापीठ चौकात, गाड्या बंपरला बंपर लावून उभ्या असताना, आमच्या डेकमधून एक अनोळखी बाई बोलायला लागली. ‘आणि कोथिंबिरीची जुडी सोडून बघा. मागच्या वेळी आतून सडकी निघाली.’ सगळे चपापले. शेजारच्या गाडीत तसंच यंत्र होतं आणि तिनेही योगायोगाने आमचंच बोळ धरलं होतं. पलीकडचा गृहस्थ ‘हो, हो’ म्हणताना काचेतून दिसत होता. सिग्नल सुटला, कोथिंबीर पुढे गेली. आमच्या गाडीत मात्र शांतता पसरली, कारण सगळ्यांच्या मनात एकच विचार आला होता. जर त्यांचं आपल्याला ऐकू येतं, तर आजवर आपलं कोणाकोणाला ऐकू गेलं असेल? सौ. तेवढंच म्हणाली, ‘उद्या हे काढा.’

म्हणून नाना पेठ. तिथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, ‘काका, अँड्रॉइड टाकून देऊ. मोठी स्क्रीन, मागे कॅमेरा, एकदम फॉर्च्युनर वाटेल.’ मारुती ८०० ला फॉर्च्युनर वाटायला लावण्यात दोघींचाही अपमान आहे असं मी त्याला सांगितलं. शिवाय मोठी स्क्रीन बसायला डबल डिनचं भोक लागतं आणि आमचं सिंगल. या डिनबद्दल मला मनापासून आदर आहे. जर्मन मानकवाल्यांनी डेकसाठी १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच असं माप ठरवलं, पुढे ते आंतरराष्ट्रीय झालं, आणि जगभरच्या गाड्यांनी ते पाळलं. फोनचे चार्जर दर चार वर्षांनी बदलतात, पण वीस वर्षं जुन्या गाडीच्या भोकात आज घेतलेला डेक मुकाट जाऊन बसतो. नव्या गाड्यांत मात्र हे भोकच नाही. डेक, एसी, नकाशा सगळं एका काचेत विरघळवलेलं. वीस वर्षांनी त्या गाड्यांचे मालक काय काढून काय बसवणार, हा त्यांचा प्रश्न. मला त्यांच्याबद्दल थोडी हळहळ वाटते आणि थोडा आनंदही होतो.

ब्लूटूथवाला सिंगल डिनचा डेक घेतला. जुना डेक ओढून काढला तेव्हा त्याच्यामागून वायरींचा एक झुबका बाहेर आला, कपलर कापून जोडलेला, वर काळी टेप. पिवळी वायर बॅटरीतून कायम जिवंत असते, तिच्यावर डेकची स्मरणशक्ती चालते. लाल वायर किल्लीबरोबर जागी होते. या दोन्हींची अदलाबदल झाली तर डेक वाजतो झकास, पण किल्ली काढली की लावून ठेवलेली स्टेशनं, वेळ, सगळं विसरतो. नव्या डेकला सुरुवातीला थोडी कुई-कुईही होती, ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी. हा अल्टरनेटरचा आवाज. ‘अर्थिंग,’ असं एका शब्दात निदान करून त्याने काळी वायर खरवडलेल्या पत्र्यावर आवळली, आणि कुई गेली. मग त्याने चालकासमोरच्या सनशेडला तांदळाएवढा माइक चिमट्याने अडकवला आणि म्हणाला, ‘आता हात लावायचा नाही फोनला. नुसतं बोलायचं.’

इथून पुढे आमच्या कुटुंबाचा नवा अध्याय सुरू होतो.

गाण्याचं ठीक आहे. ब्लूटूथमध्ये गाण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वेगळी. गाण्याला एकाच दिशेने जायचं असतं, त्यामुळे त्याला ऐसपैस जागा मिळते. बोलणं दोन्हीकडून चालतं, तिथे जागा आखडलेली. जुन्या पद्धतीत तर आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, सीडीत ते ४४,१०० असतात. म्हणून गाणं मधेच तुटतं आणि त्या जागी जो नातेवाईक येतो तो तळघरातून बोलल्यासारखा वाटतो. पण वाटतो तळघरातून, ऐकू येतो गाडीच्या सगळ्या स्पीकरांतून. आणि त्या नातेवाइकाला याची कल्पना नसते.

फोन कानाला लावलेला असतो तेव्हा माणूस त्या एका कानाशी बोलतो. माझ्या आत्याने आयुष्यभर असंच केलं आहे. तिचा पहिला फोन नव्या डेकवर आला तेव्हा गाडीत सौ., कन्या आणि सौ.ची आई असे सगळे होते. ‘काय रे, सासूबाई किती दिवस आहेत अजून?’ सगळ्या स्पीकरांतून एकदम. मी माइककडे पाहिलं. कन्या खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर कात्रजची भिंत होती. सासूबाईंनी शांतपणे पर्स उघडली आणि त्यातून एक लवंग काढून तोंडात टाकली.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. फोन घेतल्याबरोबर ‘हॅलो’ म्हणायच्या आधी म्हणायचं, ‘गाडीत आहे, स्पीकरवर आहे, सगळे आहेत.’ हे वाक्य जादूचं आहे. पलीकडच्या माणसाचा आवाज ताबडतोब दूरदर्शनवरच्या निवेदकासारखा होतो. ‘अरे वा, सगळे का! छान, छान. पाऊस आहे का तिकडे?’ पावसाची देवाणघेवाण होते, कुठे निघालात, जेवणं झाली का, आणि मग ठरलेलं वाक्य येतं, ‘बरं, नंतर बोलू.’ म्हणजे ज्यासाठी फोन केला ते शिल्लकच. मी गाडीत सापडायला लागलो हे खरं, पण गाडीत सापडलेल्या माझ्याशी कोणाला काही बोलता येत नाही, मलाही नाही. हात मोकळे झाले आणि तोंड बांधलं गेलं. आत्या मात्र या नियमालाही पुरून उरते. ‘असू देत सगळे,’ ती म्हणते, ‘मी काय वाईट बोलतेय कोणाचं?’ आणि बोलते.

कायद्याचं लक्षही हातांवरच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गाडी चालवताना हातात फोन धरणं हे धोकादायक चालवण्यात मोडतं आणि पहिल्याच गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार दंड आहे, शिवाय तुरुंगाचीही तरतूद आहे. सनशेडच्या माइकशी बोलणाऱ्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, त्यामुळे तो स्वतःला सज्जन समजतो. टोरांटोतल्या दोन संशोधकांनी १९९७ साली, म्हणजे असे माइक दुर्मीळ होते तेव्हाच, मोबाइलवाल्या चालकांच्या अपघातांचा हिशेब मांडून ठेवला आहे. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका चौपट, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने तो कमी झाल्याचं काही दिसलं नाही. यात मला नवल वाटत नाही. आत्या सासूबाईंबद्दल विचारत असताना माझे हात घड्याळातल्या दहा-दहाच्या काट्यांसारखे अगदी शास्त्रशुद्ध होते, तरी कात्रजचा खड्डा मला दिसला नव्हता. शेजारी बसलेला माणूस खड्डा आला की गप्प बसतो. फोनवरच्याला खड्डा दिसत नाही, तो बोलत राहतो.

ब्लूटूथला भिंतीही फारशा कळत नाहीत. दहा मीटरपर्यंत सहज पोचतं असं म्हणतात, आणि आमचं घर पार्किंगच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. सौ.चा फोनही डेकशी जोडलेला. एका सकाळी मी खाली गाडी सुरू केली. ती वर स्वयंपाकघरात बहिणीशी बोलत होती. डेकने ओळखीचा फोन हुंगला आणि तो चालू कॉल अलगद उचलून गाडीत आणला. वर सौ. ‘हॅलो, हॅलो, ताई?’ करत राहिली. खाली ताईंचा आवाज गाडीत भरून राहिला होता, ‘अगं, मग लागू दे ना त्यांना डेकचं खूळ. नव्या गाडीपेक्षा स्वस्तच पडतं.’ मी काही बोललो नाही. बोललो असतो तर माइक होता. मुकाट किल्ली काढली, कॉल वर परत गेला, आणि मी पाच मिनिटांनी नव्याने निघालो.

ताईंचं म्हणणं हिशेबाने बरोबर आहे, हे मात्र नमूद करतो.

तर माझ्याकडे ज्यांचा नंबर आहे त्या सर्वांना विनंती. फोन लावलात आणि मागून इंजिनाचा आवाज आला, तर पावसापाण्याचं बोला आणि लवकर ठेवा. कोणाबद्दल काही सांगायचं असेल तर रात्री नऊनंतर करा. तेव्हा मी गच्चीवर असतो. गच्ची पाचव्या मजल्यावर आहे, डेक तिथपर्यंत पोचत नाही. आत्यालाही हे कळवलं आहे.