लांबलेला ‘ये’

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला की माझं ब्लडप्रेशर उभं राहून त्यांना नमस्कार करतं. घरच्या मशीनवर १३०, दवाखान्यात १५५. “गोळीचं नंतर बघू,” ते म्हणाले, “आधी श्वास घ्यायला शिका.” म्हणजे चोपन्न वर्षं मी नाकाने काय करत होतो?

सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाला प्राणायामाचा वर्ग भरतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढून प्राणायाम यंत्रांवर तपासायला घेतला. आमच्या मॅडम तिथे शिकलेल्या, त्यामुळे शिस्तीच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “पोट फुगू द्या.” शाळेतल्या पीटीच्या सरांपासून थेट बायकोपर्यंत सगळ्यांनी आजवर मला ‘पोट आत’ एवढंच सांगितलं होतं. मी मॅडमचा आजन्म ऋणी झालो.

मग व्हेगसची ओळख झाली. मेंदूच्या बुंध्यातून निघणारा हा मज्जातंतू गळा, काळीज, फुप्फुसं करत पार आतड्यांपर्यंत जातो. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटका. सुट्टीत घरोघरी चार दिवस राहून जाणारे नातेवाईक असतात ना, तसा. श्वास आत घेतला की याचा लगाम जरा सैल होतो आणि ठोके वाढतात. बाहेर सोडला की लगाम आवळतो, ठोके मंदावतात. म्हणून आत चार आकडे, बाहेर आठ. मी सहाव्यालाच रिकामा व्हायचो आणि उरलेले दोन आकडे नुसता चेहरा करून काढायचो.

भ्रामरीला आम्ही सगळे कान बंद करून गुंगुं करत बसलो. त्यात गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. मोटर चालू आहे हे कुणाला कळणार? वीस भुंग्यांत एक मोटर खपून गेली.

गणपतीत कोकणात गेलो तेव्हा मात्र डोक्यात प्रकाश पडला. विठ्ठलाच्या आरतीतला तो ‘ये’! धाकटे काका तो लावतात तेव्हा झांजा थांबतात, निरांजन विझू घातलेलं असतं, पोरं तोंडाने आकडे मोजतात. बेंबीपासून निघालेला अखंड उच्छ्वास! जपमाळेच्या प्रार्थनेने आणि मंत्राने श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, हे २००१ साली इटलीच्या बर्नार्डींनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं. एरवी आपण बारा ते वीस घेतो. काका तीनवर असावेत.

या हिशेबाने काका परमशांत हवेत. पण प्रसाद हातावर पडायच्या आत त्यांनी बाबांशी आंब्याखालच्या बांधाचं भांडण उकरून काढलं, तेही त्याच दमात. व्हेगस तरी कुठे कुठे पुरणार?

तरी मी तो ‘ये’ उचललाच. परवा डॉक्टरांनी पट्टा फुगवायला घेतला. “बोलू नका हं, बोललं की आकडा चढतो.” मी मान डोलावली, डोळे मिटले, पोट फुगवलं आणि काकांचं स्मरण करून मनातल्या मनात सुरुवात केली. चार, पाच, सहा... लगाम आवळत चालल्याचं स्पष्ट जाणवत होतं. मनातला आवाज केव्हा बाहेर पडला, ते मात्र कळलं नाही.

दार उघडलं. बाहेरच्या बाकावरचे आजोबा रिपोर्टची पिशवी घेऊन आत आले आणि म्हणाले, “बोलावलंत ना?”