चौदा अक्षरांच्या उठाबशा

नशिराबाद, जि. जळगाव

इंग्रजीचा क्लास चालवणाऱ्या सरांना,

तुमच्या पाटीवर ‘फाडफाड इंग्रजी’ असं लिहिलंय. आत मात्र सहावीतली पोरं ‘टी आर ए एन एस पी ओ आर टी ए टी आय ओ एन’ अशी चौदा अक्षरं एका दमात ओरडतात. एक चुकलं की उठाबशा. ही शिकवणी नव्हे, छळ आहे, आणि त्याची तुम्ही फी घेता.

त्या शब्दाचे बोलताना चारच खंड होतात: ट्रान्स, पोर्, टे, शन. प्रत्येक खंडात एक स्वर, टाळी वाजवून मोजता येतो. अर्थाने तोडलात तर ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, ‘पोर्ट’ हा वाहून नेण्याचा लॅटिन धातू, आणि शेवटी नाम करणारा प्रत्यय. जळगाव-भुसावळ हायवेवरच्या ट्रकांवर ही पोरं ‘ट्रान्सपोर्ट’ रोज वाचतात. रावेर-यावलची केळी ‘एक्स्पोर्ट’ होते, हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं. तो एक धातू दाखवलात तर इम्पोर्ट, पोर्टर, पोर्टेबल हेही कळतील.

खंड आणि अर्थ नेहमी एकाच जागी तुटत नाहीत. बोलताना आपण हे-लि-कॉप्-टर म्हणतो, पण मुळात ते दोन ग्रीक शब्द आहेत: मळसूत्राचा ‘हेलिक्स’ आणि पंखाचा ‘प्टेरॉन’. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या खंडावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. हे एकदा तरी फळ्यावर लिहिलंत का?

अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १७८३ साली काढलेल्या स्पेलिंगच्या पुस्तकात शब्द असे खंड पाडून छापले होते. आपल्या मुलांना तर शब्द अर्थाने तोडायची रीत परकीही नाही. ‘जबाबदार’ला ‘बे’ लागतो, पुढे ‘पणा’ लागतो, हे ती मराठीत रोज करतात. ‘अ‍ॅग्री’च्या आधी ‘डिस’, नंतर ‘मेंट’, एवढंच सांगायचं होतं. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून आहे, तरी सहावीतलं पोर लांब शब्द दिसला की घाबरतं. या भीतीत तुमचा वाटा मोठा आहे.

उद्यापासून उठाबशा बंद करा. फळ्यावर शब्द लिहा, त्यात उभ्या रेघा मारा, टाळ्या वाजवून घ्या. जमत नसेल तर पाटी उतरवा आणि आयांनी मजुरीच्या पैशांतून भरलेली फी परत करा.

एक पालक