सर्जाची राखण

गवत कापणारा रोबो मी घेतला तो निव्वळ आळसापायी, हे आधीच कबूल केलेलं बरं. श्टुटगार्टजवळच्या एका गावात आमचं घर आहे आणि घरामागे 300 चौरस मीटर हिरवळ. हा मुलूख श्वाबियन लोकांचा. इथे जिना कोणत्या आठवड्यात कुणी झाडायचा याचीसुद्धा पाळी लावतात. अशा ठिकाणी गवत वाढू देणं म्हणजे दाढीचे खुंट घेऊन मुलगी बघायला जाणं.

1830 साली इंग्लंडमधल्या एडविन बडिंग यांनी, कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून, गवत कापायचं यंत्र काढलं. तेव्हापासून माणूस त्याच्यामागे चालतोच आहे. 1995 मध्ये स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीनं उन्हावर चालणारा रोबो बाजारात आणला आणि माणूस सुटला, अशी माझी समजूत होती. एक बिनपगारी नोकर घेतोय, अशाच थाटात मी खोकं उघडलं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये आप्पा, म्हणजे माझे वडील, कराडजवळच्या आमच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आले. पहिल्या सकाळी चहाचा कप घेऊन ते मागच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ रोबोकडे बघत राहिले.

"आरं, हे तर चरतंय की!"

मी त्यांना शास्त्र समजावलं. हिरवळीच्या कडेनं जमिनीत तार पुरलेली असते. तिच्यातला विद्युतसंदेश लागला की रोबो वळतो. आत मात्र वाट ठरलेली नाही, नाक जाईल तिकडे जायचं. भूक लागली, म्हणजे बॅटरी उतरली, की आपला आपण चार्जिंगच्या खोपटात येऊन उभा राहतो.

"म्हंजी गोठ्यात," आप्पा म्हणाले. "आन् कापलेली वैरण कुठाय?"

वैरण नसतेच. रोज थोडं थोडं कापायचं, तो भुगा तिथेच पडतो, कुजतो आणि मुळांना नत्र देतो. "खातोय आन् खतबी देतोय," आप्पांनी हिशेब पुरा केला. पण गवत राखायचं, त्याला पाणी पाजायचं, मग ते कापायचं आणि दावणीला खाणारं एकही जनावर नाही, हे काही त्यांना पटलं नाही. उन्हाळ्यात पेंढीपेंढीसाठी वणवण केलेला माणूस तो. रोबोचं नाव त्यांनी सर्जा ठेवलं. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचाही एक रोबो होता, तो अर्थातच राजा.

नाव पडलं आणि माझी नजर बदलली. गेलं वर्षभर मी नोकराची वागणूक शोधत होतो आणि जनावराच्या खोडींवर चिडत होतो. हा सफरचंदाच्या झाडाखाली पडलेल्या फळांवर चढून अडकायचा, चिखलात रुतायचा, आणि मदतीला गेलो की दारात अडवणाऱ्या वॉचमनसारखा आधी पिन नंबर मागायचा. दर सहा-आठ आठवड्यांनी पाती बदलायची. ती दाढीच्या जुन्या ब्लेडएवढी, तीनच. पण त्यासाठी मुख्य स्विच बंद करून, हातमोजे घालून, याला गवतावर उताणा करावा लागतो. गावी बैलाला पत्री मारताना पाय बांधून आडवा पाडतात, तसा. आप्पा पलीकडून त्याला "हां, हां" करत चुचकारायचे. मग पोटाखाली चिकटलेलं गवत ब्रशनं खरवडायचं. पाण्याचा पाइप मारलेला आमच्या सर्जाला चालत नाही. त्या बाबतीत तो आमच्या गावच्या म्हशीसारखा नाही.

जुलैत आप्पांनी मेथीसाठी वाफा खणला. दुसऱ्या दिवशी सर्जा खोपटातून हलेना, नुसता लाल दिवा मिचकावत राहिला. तार तुटली होती. कुठे, ते वाफ्याकडे बघून सांगता आलं असतं. पण आप्पा म्हणाले, आपण तिथं खोल खणलंच नाही, आणि वडिलांपुढे संशय व्यक्त करायची आमच्या घरात पद्धत नाही.

शेवटी शेजारचे आजोबा तळघरातून जुना ट्रान्झिस्टर घेऊन आले. तारेचं एकच टोक जोडून ठेवा आणि मध्यम लहरींवर लावलेला रेडिओ तारेवरून फिरवा, म्हणाले. तार शाबूत आहे तिथवर घरघर ऐकू येते, तुटली तिथे चिडीचूप. डॉइचलांडफुंक या जर्मन रेडिओनं 2015 च्या शेवटच्या दिवशी मध्यम लहरींवरचं प्रसारण बंद केलं, तेव्हापासून त्या ट्रान्झिस्टरला काही कामच उरलं नव्हतं. आप्पांनी तो कानाला लावला, क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना लावायचे तसाच, आणि हिरवळीच्या कडेनं निघाले. वाफ्यापाशी घरघर थांबली. आप्पाही थांबले. "घुशीनं तोडली असंल," म्हणाले. मी आणि आजोबांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

संध्याकाळी सर्जाला आत घ्यायचा नियम मात्र माझा. अंधार पडला की इथे हेजहॉग बाहेर पडतात. सायाळीचा धाकटा भाऊ शोभावा असा हा काटेरी प्राणी संकट आलं की पळत नाही, अंगाचा चेंडू करून बसतो. कोल्ह्यापुढे हे चालतं, पात्यांपुढे चालत नाही. कोलोन शहरानं याच्यासाठी 2024 मध्ये रोबोंना रात्री फिरायला बंदी घातली. आप्पांना नियमाचं कारण सांगायची गरज पडली नाही. दिवेलागणीला गुरं घरी येतात, एवढं त्यांना पुरे होतं. एव्हाना रोज तासभर मीही त्यांच्याशेजारी पायरीवर बसू लागलो होतो. यंत्र घेऊन वाचलेला सगळा वेळ यंत्राकडे बघण्यात जात होता आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं. गुराख्याचं काम लांबून बघणाऱ्याला असंच रिकामपण वाटत असणार.

आषाढातला बेंदूर आला. आमच्याकडे बैलाचा सण पोळ्याला नाही, बेंदराला. त्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत. "ह्याला सुट्टी कधी?" आप्पांनी विचारलं. मी सांगितलं, दर रविवारी. वस्तीत रविवारी आणि सणासुदीला गवत कापायचं यंत्र चालवायला जर्मनीत कायद्यानंच मनाई आहे. बैलाला वर्षातून एक बेंदूर आणि यंत्राला बावन्न! आप्पा या देशावर पहिल्यांदा खूश झाले.

बेंदराला त्यांनी सर्जाच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं आणि खोपटापुढे द्रोणात पुरणपोळी ठेवली. सकाळी द्रोण रिकामा होता. आप्पा तृप्त होऊन सर्जाकडे बघत होते.

माझा संशय हेजहॉगवर आहे. पण मेथीच्या वाफ्याबद्दल बोललो नव्हतो, तसा याबद्दलही काही बोललो नाही.