ब्राह्मीबाब

नव्या काबिजादीतील ज्या गावाला देवस्थान आहे, देवस्थानाला महाजन आहेत आणि महाजनांत निदान दोन तट आहेत, अशा गावात, मग ते 1781 साली पोर्तुगीज अमलाखाली गेलेल्या डिचोली महालातले असो की सात वर्षांनी त्याच वाटेने गेलेल्या पेडणे महालातले असो, एक ब्राह्मीबाब असतोच असतो. त्याचे जन्मनाव मतदारयादीत आणि देवळातील देणगीदारांच्या फरशीवर तेवढे आढळते; एरवी सान थोर सगळे त्याला ब्राह्मीबाब म्हणूनच ओळखतात. त्याची त्याला हरकतही नसते, कारण ज्या वनस्पतीच्या सेवनाने आपली स्मरणशक्ती पंचाहत्तरी उलटल्यावरही अबाधित राहिली अशी त्याची धारणा आहे, तिचेच नाव आपल्याला चिकटावे यात त्याला एखादी पदवी मिळाल्याचा आनंद होतो.

त्याची सकाळ पाहण्यासारखी असते. उजाडता उजाडता तो पुडवें सावरीत बांयकडे जातो, माडाच्या आळ्यातील ओलीत पसरलेली ब्राह्मी वाकून न्याहाळतो, सरकारी गणनेच्या गांभीर्याने पाच पाने मोजून खुडतो आणि अनशापोटी, पूर्वेकडे तोंड करून, ती सावकाश चावतो. त्यानंतर रात्री भिजत घातलेले सात बदाम येतात. सालीवर अंगठा दाबताच बदाम उसळी मारतो आणि कधी कधी समोर बसलेल्या नातवाच्या चहात पडतो. तो बदाम नातवाचा, परंतु साल मात्र नेमाने तुळशीला. उरलेल्या पानांची तंबळी करण्याचा अधिकार सुनेकडे असतो. जिरे, मिरी, ओले खोबरे आणि ताक घालून ती रगड्यावरच वाटली पाहिजे असा दंडक असताना सून मिक्सर लावते, हे त्याला आवाजावरून कळते. आणि यंत्राच्या उष्णतेने पानातले सत्त्व उडून जाते, हे तो तिला रोज त्याच शब्दांत, काल आणि परवाही हेच सांगितले होते याचे यत्किंचितही स्मरण न ठेवता, समजावून सांगतो.

पेडण्याच्या आणि डिचोलीच्या ब्राह्मीबाबांचे मात्र एकमेकांशी पटत नाही. पेडणेकर ज्या पानाचा कैवारी आहे ते वाटोळे, कडेला किंचित दातेरी, एका देठावर एकच येणारे पान. बायका त्याला एकपानी म्हणतात आणि ग्रंथांत ते मंडूकपर्णी म्हणून प्रसिद्ध आहे. डिचोलीकर ज्या वनस्पतीचा अभिमान बाळगतो ती चिखलात पसरणारी, बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी. दोन्ही ब्राह्मी या एकाच नावाने विकल्या जातात, दोघींचेही गुण वैद्य गातात, आणि म्हणून कुठल्याही लग्नाच्या पंगतीत हे दोघे शेजारी बसले की 'तुमची ती ब्राह्मीच नव्हे' या वाक्याने आरंभ होऊन मठ्ठा येईपर्यंत प्रकरण कुळशीलावर जाते. वस्तुतः चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात बुद्धीला हितकर अशी जी चार रसायने सांगितली आहेत, म्हणजे मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, त्यांत विशेष मान शंखपुष्पीला दिला आहे. आणि शंखपुष्पी म्हणजे नेमकी कोणती याविषयीही वैद्यांत एकवाक्यता नसून कोणी आपल्या कुंपणावरच्या गोकर्णीकडेही बोट दाखवतात. ही माहिती मी दोघांनाही पुरवून पाहिली. दोघांनीही ती त्याच क्षणी विसरून दाखवली.

अर्वाचीन विज्ञानाविषयी ब्राह्मीबाबाचे धोरण सोयीचे आहे. नीरब्राह्मीचा अर्क काही आठवडे नेमाने घेणाऱ्यांना पाठ केलेले शब्द थोडे अधिक आठवले, असे काही लहान चाचण्यांत दिसून आले आहे, हे कानी पडताच डिचोलीकराने त्यातला 'थोडे' हा शब्द वगळून उर्वरित मजकूर गावभर केला. बांगड्यात आणि तारल्यात ज्या जातीची स्निग्धाम्ले असतात त्यांतलेच एक मेंदूच्या घडणीत भरपूर असते, हे ऐकल्यापासून पेडणेकर बांगड्याला औषधी मानू लागला. मात्र सोमवारी तो शिवराक, जून आणि जुलैत मासेमारीला बंदी, पुढे श्रावण, मग चतुर्थी, असा मोठा कालखंड मेंदूला पुरुमेंतातल्या सुक्या बांगड्यावरच काढावा लागतो, आणि तोही निषिद्ध असेल त्या दिवशी बरणीचे झाकण उघडून नुसता वास घेतला तरी भागते, असा त्याने स्वतःपुरता निर्णय दिलेला आहे. अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो, सबब तो मेंदूला पोषक, हा सिद्धांत तर दोघांनाही मान्य. याच न्यायाने काजूची बी मूत्रपिंडाला हितकर ठरून गोव्यातील सर्व दवाखाने ओस पडायला हवे होते, ही शंका त्यांनी अद्याप विचारात घेतलेली नाही.

शिकागोतील संशोधकांनी मेंदूसाठी म्हणून खास आखलेल्या आहाराची परीक्षा घेतली. 604 वयस्क माणसांना तीन वर्षे दोन गटांत विभागून ठेवले आणि 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की पालेभाज्या, बोरवर्गी फळे व कवचफळे खाणारा गट आणि नेहमीचेच अन्न जरा बेताने खाणारा गट यांच्या बुद्धीच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. नातवाने हे वाचून दाखवले तेव्हा ब्राह्मीबाब क्षणभर स्तब्ध झाला. मग म्हणाला, "त्यांतूं पेडण्याचो कोण आसलो?" कोणी नव्हता. प्रकरण निकालात निघाले.

आता त्याची स्मरणशक्ती खरोखरच दांडगी आहे, हे कबूल केले पाहिजे. प्रश्न तिच्या विषयांचा आहे. चष्मा, औषधाची गोळी, नातवंडांची नावे आणि बँकेत कशासाठी आलो होतो ते, या गोष्टी तिच्या अधिकारक्षेत्रात येत नाहीत. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, हे त्याला एवढ्याचसाठी आठवते की त्या गडबडीत शेजाऱ्याने कुंपण हातभर पुढे सरकवले. कोणाच्या आजाने कोणाकडून दोन खंडी भात नेले व दीड खंडीच परत केले, पालखीच्या दिवशी कोणता मान कोणी चुकवला, जत्रेतल्या नाटकात राजाची भूमिका कोणाला मिळायची होती आणि ती कोणी पळवली, हे तो तपशीलवार, साक्षीदारांसह, आणि साक्षीदारांच्या चारित्र्यासह सांगतो.

आणि या दोन तालुक्यांत असल्या स्मरणाला किंमत आहे. जुना कागद मोडीत, त्यानंतरचा पोर्तुगीजमध्ये, आजचा कायदा इंग्रजीत आणि भोगवटा मात्र कोंकणीत, अशी येथील जमिनीची स्थिती. 1964 चा कूळकायदा आला, 1975 चा मुंडकार कायदा आला. एकट्या मये गावातील स्थलांतरितांच्या मालमत्तेचा प्रश्न मुक्तीनंतर अर्धशतक लोंबकळून त्यासाठी 2014 साली वेगळा कायदा करावा लागला. एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्याचे नाव चुकून दुसऱ्या रकान्यात गेले आहे, असा मनुष्य मामलेदाराच्या कचेरीची पायरी चढण्यापूर्वी ब्राह्मीबाबाच्या सोप्यावर चढतो, कारण मेरेवरचा दगड मूळ कोठे होता हे सांगणारा जिवंत दस्तऐवज तोच एक. साक्षीच्या दिवशी तो दोन पाने अधिक खातो. "दगड आठवतो?" असे वकिलाने विचारले की तो प्रथम त्या दगडावर बसून कोणी कोणाला काय बोलले ते सांगतो, आणि मामलेदारसाहेब पुढील तारीख देतात.

माझे स्वतःचे मत असे की ही सारी कर्तबगारी पानाची नसून रागाची आहे. ज्या गोष्टीचा मनुष्य दररोज सकाळी नव्याने संताप करतो, ती विसरणे त्याला शक्यच नसते; या हिशेबाने पाच पानांच्या जागी पाच जुनी भांडणे चघळली तरी तोच गुण यावा. गावातील काही समंजस मंडळींनी म्हणूनच उलट दिशेने प्रयत्न करून पाहिला: विस्मरणाला पोषक म्हणून त्याला एका संध्याकाळी काजूची चांगली फेणी पाजण्यात आली. परिणाम इतकाच झाला की घडलेले तर त्याला आठवलेच, शिवाय न घडलेलेही आठवू लागले, आणि त्यातून दोन नवे दावे उभे राहिले.

त्याची परोपकारबुद्धी हा मात्र सर्वांच्या कौतुकाचा विषय आहे. कोणाचे पोर परीक्षेला बसो, कोणाचा बाप विसराळू होवो, त्याच्याकडून ओल्या फडक्यात गुंडाळलेली ब्राह्मीची जुडी घरपोच येते. सगळ्यांच्याच घरी येते असे मात्र नाही, आणि ती कोणाकडे येते व कोणाकडे येत नाही याची फर्द मी काही काळ मनाशी तयार करीत होतो. प्रथम ती परीक्षार्थींची वाटली. पण ज्यांना मूलबाळच नाही अशीही घरे तिच्यात निघाली. शेवटी उलगडा झाला तो असा की ज्यांच्या घराण्याकडे त्याच्या घराण्याचे काही येणे आहे, त्यांनाच ब्राह्मी पाठवली जाते. ज्यांचे उलट त्याच्याकडे काही येणे आहे, त्यांची प्रकृती पाहून तो फार हळहळतो, डोक्याला इतका ताण बरा नव्हे, म्हणतो, दुपारी चांगले दोन तास पडत जा, म्हणतो, आणि शिगम्याच्या सुमारास हुर्राकाची एक बाटली न मागता पोहोचती करतो.

आमच्या घरी आजोबांच्या काळापासून ब्राह्मीच येत असे. यंदाच्या शिगम्याला नातू आला तो हुर्राक घेऊन आला, आणि "आजोबांनी आवर्जून पाठवली आहे, झोपताना घ्या म्हणाले," एवढे सांगून गेला. बाटलीचे बूच अद्याप काढलेले नाही. माळ्यावरची आजोबांची दोन्ही दप्तरे मात्र खाली काढली आहेत, आणि बुधवारी डिचोलीच्या बाजाराला जाईन तेव्हा मोडी वाचणारा कोणी मिळतो का तेही पाहणार आहे.