घंटागाडीचा काठ खाली आणा

पेणच्या बाजारपेठेत किंवा रोह्याच्या एखाद्या गल्लीत घंटागाडी थांबली की मागच्या माणसाकडे मिनिटभर नीट बघा. बादली कमरेपर्यंत तो सहज आणतो. पुढे गाडीचा काठ छातीला येतो. मग एक झोका देऊन बादली खांद्याच्या वर न्यायची आणि तिथेच अंग पिळून उलटी करायची. कचऱ्याचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. घरामागून घर हेच चालतं. कंबर आणि खांदा जातात ते या झोक्यात.

त्यावर आपला ठरलेला इलाज म्हणजे हातमोजे, एका दुपारचं प्रशिक्षण आणि ‘गुडघ्यात वाकून उचला’ हा सल्ला. गुडघ्यात वाकून उचललेली बादलीसुद्धा शेवटी त्याच काठावर चढवायची असते. चूक कामगाराच्या पद्धतीत नाही, गाडीच्या उंचीत आहे.

अमेरिकेच्या ‘नायॉश’ या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९९१मध्ये वजन उचलण्याचं आपलं सूत्र सुधारलं. ओझं अंगालगत, कमरेच्या जवळपास, पकड घट्ट, अंगाला पीळ नाही, असं सगळं जुळलं तर मर्यादा २३ किलो. तेच ओझं घोट्यांपासून अर्धा मीटर पुढे धरलं की मर्यादा साडेअकरावर येते. त्यात उंची, पीळ आणि निसटती पकड मिळवा, ती आणखी घसरते. आता शहाळेवाल्याची गोणी घ्या. वीस रिकामी शहाळी पंचवीस किलोंच्या घरात जातात. गोणीला धरायला कान नसतो आणि चिखलात पाय घट्ट रोवता येत नाही.

शिवाय हे कोकण आहे. जूनपासून उघड्यावर ठेवलेला कचरा पाणी पिऊन जड होतो. त्यातच गणपती येतात. निर्माल्य ओलंच असतं, आणि पेणला गणपतीच्या कारखान्यांतले फुटके साचे, प्लास्टरचे गठ्ठे कचऱ्यात आले की एरवीची बादली हातात मावते तेवढीच दिसते, पण उचलवत नाही.

रोह्याला लागून धाटावची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यात इजा होईल इतकं जड ओझं कुणाला उचलायला लावू नये, असं कलम ३४ आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्यात आलं. ते लागू होतं कारखान्याच्या फाटकाच्या आत. फाटकाबाहेर रस्त्यावर गोणी उचलणाऱ्याची पाठ त्या कलमात बसत नव्हती. घनकचऱ्याच्या २०००च्या नियमांनी कचरा हाताने हाताळायला मनाई केली होती. नाइलाज असेल तरच हाताळायचा, तोही काळजी घेऊन. ती पळवाट हाच आपला नेहमीचा रस्ता झाला आहे. २०१६च्या नियमांनी गणवेश, हातमोजे, रेनकोट, बूट, मास्क दिले पाहिजेत असं सांगितलं. दिलेच पाहिजेत. पण रेनकोटाने पाठ वाचत नाही.

कंत्राटावरच्या माणसाने पाठ धरली की खाडा, आणि खाडा पडला की मजुरी गेली. म्हणून तो दुखणं सांगत नाही, आणि मग वहीत इजेची नोंदच नसते. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाला २७०० कंत्राटी कामगारांना कायम करून घेण्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढावं लागलं. निकाल २०१७ साली आला. लहान गावातल्या मूठभर कामगारांनी तसंच लढावं असं म्हणणं म्हणजे जबाबदारी झटकणं आहे.

ओझंच कमी करावं लागतं, हे हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राला कळलेलं आहे. शंभर किलोंचं पोतं पन्नासवर आणण्यासाठी हमाल भांडले. त्यांनी पोतं हलकं मागितलं, वाकण्याचे धडे मागितले नाहीत. एका माणसावरच्या ओझ्याला मर्यादा घालणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९६७चा करार भारताने २०१०मध्ये मान्य केला. मग कचऱ्याच्या बादलीला मर्यादा का नको?

पेण आणि रोहा नगरपरिषदांनी पुढच्या निविदेत गाडीचा काठ कमरेच्या वर नसावा अशी अट घालावी. बाजू खाली पडणारी गाडी मिळते, पेटी उचलणारी हायड्रॉलिक लिफ्टही बसवता येते. मुख्य रस्त्याला चाकांच्या पेट्या चालतील. पायऱ्यांच्या बोळात त्या ओढताना खांदाच निखळेल, तिथे लहान बादल्याच बऱ्या. हॉटेलं, शहाळेवाले आणि मूर्ती कारखान्यांनी गोणी अर्धीच भरावी, प्लास्टर वेगळं ठेवावं. न ऐकणाऱ्याला दंड करावा. पाठदुखीचा खाडा भरपगारी धरावा आणि त्याची नोंद ठेवावी.

आणि गाडी मंजूर करण्याआधी ती नगरपरिषदेच्या दारात उभी करून, रोज कचरा उचलणाऱ्या बायाबापड्यांना भरलेली बादली टाकून बघू द्या. त्यांनी नको म्हटलं तर गाडी परत पाठवा.